खोट्या तापाचं गाऱ्हाणं

‘जनावरांची डॉक्टर, मग माणसांच्या तापाची चौकशी कशाला?’

रत्नागिरी स्टँडवरून आमच्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत सोडणाऱ्या रिक्षावाल्यांनी हे मला इतक्या वेळा विचारलं आहे, की आता रिक्षा वळायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी होते. माणूस, म्हैस, कुत्रा, उंदीर सगळे एकाच पाणवठ्यावर असतात आणि रोगाला त्यांच्यात फरक करायची सवय नसते. आज गोठ्यात असलेला आजार उद्या पडवीत येऊन बसतो. तो गोठ्यात असतानाच ओळखणारं माणूस लागतं. तशी माणसं तयार करणं हा माझा धंदा. यावर एका रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, ‘म्हणजे रोग आधी तुमच्याकडे येतो, मग डॉक्टरकडे?’ माझ्या विषयाची याहून चांगली व्याख्या मला अभ्यासक्रमात सापडलेली नाही.

असे लेख लोक निवृत्तीनंतर लिहितात. मी अजून निवृत्तीपासून बरीच लांब आहे. पण ही हकिकत वर्षभर सांगायला घाबरत होते आणि आता घाबरायचं कारण उरलेलं नाही, म्हणून लिहून टाकते.

आधी माझ्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल. माझे वडील लांजा तालुक्यात शाळामास्तर होते आणि पत्रकं काढायचे. दारूवर, हुंड्यावर, अंगात येण्यावर, उघड्या गटारांवर. सुट्टीत इतर मुलं समुद्रावर जायची, आम्ही भावंडं माजघरात बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. मी अक्षरं लावायला शिकले तीच पत्रकांवर, त्यामुळे साधं ‘चहा टाका’ म्हटलं तरी ती घोषणा वाटते असं आमच्या केंद्रातले शिपाईकाका म्हणतात. विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिते: ‘जागतिक आरोग्य विमानतळावर सुरू होत नाही, गोठ्याच्या उंबऱ्यावर सुरू होतं.’ गेल्या वर्षीच्या तुकडीतली स्नेहल, यवतमाळची, अतिशय हुशार, हे वाक्य वहीत उतरवून घेऊन म्हणाली, ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’

ही मुलं पशुवैद्यकीच्या शेवटच्या टप्प्यातली असतात. गाय कशी तपासायची, टाके कसे घालायचे, सगळं शिकून आलेली. बरीचशी सरकारी दवाखान्यात नाहीतर डेअरीत जातील. एखाद-दुसरा साथी रोखणाऱ्या मोठ्या संस्थांमध्ये, परदेशात. स्नेहलला तेव्हाच बाहेरच्या एका विद्यापीठात जागा मिळालेली होती. या सगळ्यांना एक गोष्ट शिकवलेली नसते. गाय बोलत नाही, त्यामुळे यांना विचारायची सवय नसते. साथीचा माग मात्र विचारूनच काढावा लागतो. कोण आजारी, कधीपासून, कशाला हात लावला, पाणी कुठलं प्यालात. आणि माणसं क्रमाने उत्तर देत नाहीत. ‘ताप कधी आला?’ म्हटलं की ‘म्हाळ झाला ना, त्याच्या आदी’ असं उत्तर येतं. मग ज्याला म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, कधी असतो ते ठाऊक नाही तो साथ काय शोधणार?

वरून आलेल्या अभ्यासक्रमात यासाठी एक कागदी खेळ आहे. दूरच्या कुठल्या तरी देशातलं गाव, एकामागून एक पाकिटं उघडायची, माहिती वाचायची, रोग ओळखायचा. मुलं तासाभरात ओळखतात आणि कँटीनला जातात. मी ठरवलं, पाकिटं बंद. खरं गाव, खरी माणसं, खोटा ताप.

राजापूरकडे जाताना सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, संपून रस्ता खाडीकडे उतरतो तिथली एक वाडी माझ्या ओळखीची होती. वाडीचं नमन मंडळ नावाजलेलं. ज्यांनी नमन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडचा हा लोकांचा स्वतःचा नाट्यप्रकार. शेतीची कामं उरकली की गावोगाव होतो, त्यात गाणी, सोंगं, गौळण, शेवटी वगनाट्य. मंडळाचे प्रमुख दत्ताराम, सगळ्यांचे नाना. साठी उलटली तरी नऊवारी नेसून गौळणीतली मावशी तेच करतात. मी त्यांना योजना सांगितली, की तुमची माणसं आजारी असल्याचं सोंग घेतील आणि माझी मुलं दारोदार विचारत फिरतील.

नाना म्हणाले, ‘म्हंजे आमी खोटं बोलायचं आनि तुमची पोरं खरं शोदनार. असंच तर आमचं सगळं चाल्लंय.’

प्रत्येकाला मी भूमिका तोंडी सांगितली. कोणाला ताप, कोणाचे डोळे पिवळे, कोणाच्या गुरांना लाल लघवी. सगळ्याचा धागा गुरं बसतात त्या डबक्याकडे जाणारा. दोन-तीन चकवे पेरले. चकवा म्हणजे खोटा धागा, जो तपासणाऱ्याला भलतीकडे नेतो. उदाहरणार्थ एका आजोबांनी सांगायचं, की बाजारातला बांगडा खाल्ल्यापासून ताप आहे. मुलांनी असले धागे ओळखून बाजूला ठेवायचे.

आता नानांची एक अट होती. खेळ मांडायच्या आधी गाऱ्हाणं आणि मोडताना गाऱ्हाणं. म्हणजे देवासमोर नारळ ठेवून नानांनी मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी नाही म्हटलं. हा वैज्ञानिक कार्यक्रम आहे, सगळ्या धर्मांची मुलं आहेत, इथे नारळ नको. बोलता बोलता मी अंधश्रद्धेवर एक छोटं भाषणही केलं असणार, कारण शेवटी नाना म्हणाले, ‘बरं बरं. बापाची लेक हायस.’ मग वडाखाली जाऊन त्यांनी मांडायचं गाऱ्हाणं स्वतःपुरतं पुटपुटून घेतलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

खेळ झकास झाला. काजूचा हंगाम होता, सगळी वाडी बिया गोळा करण्यात गुंतलेली, तरी माणसांनी जीव ओतला. एक बाबा असे कण्हले की शेजारची म्हातारी खरंच पाणी घेऊन आली. दारात मुलं प्रश्न विचारत होती, मागे पोरंबाळं हसत होती, आणि कोणी भूमिकेतून बाहेर येतोय असं वाटलं की नाना अंगणातून ओरडत, ‘सोंग सोडू नको रे.’ माझ्या हुशार मुलांनी दोन-तीन ठिकाणी ‘आता खरं सांगा’ अशी युक्तीही करून पाहिली. कोणी बधलं नाही. दुपारनंतर मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना धन्यवाद दिले, चहा झाला आणि मुलांना गाडीत भरून आम्ही जवळच्या शाळेत चर्चेला बसलो. शाळा दोन वळणं वर.

स्नेहलच्या गटाने नकाशा काढून डबकं अचूक दाखवलं. मी खूश होते. मग ती म्हणाली, ‘आणि मॅडम, तुमचा सगळ्यात चांगला चकवापण आम्ही ओळखला.’

‘कुठला?’

‘सुलोचनाकाकींचा. त्यांना तापाचं काम होतं. गुरांचं विचारलं तर म्हणाल्या, पाडी, म्हणजे त्यांची कालवड, दोन दिवस खात नाही, पाणी तोंडात घेते पण उतरत नाही, लाळ गळते, आवाज फाटलाय. गळ्यात काजूचं बोंड अडकलंय वाटून हात घालून पाहिला. बाकी सगळ्यांच्या गुरांना लाल लघवी आणि हिच्या पाडीचा घसा. म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं.’

बाकीची मुलं हसत होती. काकी किती छान लाजत लाजत बोलल्या, कोणी तरी म्हणालं.

मी तो चकवा पेरला नव्हता. सुलोचनाकाकींना मी फक्त ‘ताप, अंगदुखी’ एवढंच सांगितलं होतं. गुरांबद्दल काय बोलायचं ते सांगायचं राहिलं होतं, आणि नमनातली माणसं भूमिकेत जिथे मोकळी जागा असेल तिथे आपल्या घरातलं भरतात.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गाय गिळत नाही, लाळ गाळते, आवाज घोगरा होतो, तेव्हा शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना वाटतं की घशात काही अडकलंय. गुरावर जीव असलेला माणूस बाही वर करून हात घालतो. पण हीच लक्षणं पिसाळलेल्या गुराचीही असतात. आणि ती लाळ हातावरच्या जखमेत गेली, तर लस वेळेत घेतली तरच माणूस वाचतो. लक्षणं दिसू लागल्यावर घेतलेल्या लशीचा उपयोग नसतो.

मी फळा तसाच टाकून गाडीकडे धावले. स्नेहल आणि इरफान माझ्याबरोबर आले. इरफान रत्नागिरीच्या बंदराकडचा, बापाची मच्छीमार बोट, तुकडीतला एकटाच इथला मुलगा.

पाडी गोठ्यामागे फणसाला बांधलेली होती. मी लांबूनच थांबले. मान ताठ, तोंडाला दोर लोंबावा तशी लाळ, आणि हंबरायला गेली की नुसती हवा फाटल्यासारखा आवाज. खात्री प्रयोगशाळेतच होते, पण मला पुरेसं कळलं होतं. मुलांना मागे थांबवून मी पडवीत गेले. सुलोचनाकाकी काजूच्या बिया निवडत होत्या. बाई विधवा, मुलगा मुंबईला, घरात त्या आणि ही पाडी.

‘काकी, पाडीच्या तोंडात हात घातलात ना?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ‘मला ताप हाय. आंग मोडून आल्यासारकं वाटतंय.’

‘काकी, तो खेळ संपला. पाडीचं सांगा.’

‘पाडी बरी हाय. मला ताप हाय.’

दारात जमलेली माणसं हसली. त्यांना वाटलं, दुसरा अंक सुरू झाला. कोणी तरी म्हणालं, ‘काकी आता बरोबर बोलतेय हो नाना.’ मग उलगडा झाला. आम्ही गेल्यावर नानांनी त्यांना झापलं होतं, की तुझ्या कामात पाडी नव्हतीच, उगाच मधे घरचं रामायण घातलंस, डॉक्टरीणबाईंचा खेळ बिघडवलास. आता त्या बिचाऱ्या चुकीची भरपाई करत होत्या.

मी आवाज चढवला. जे काही पत्रकांनी मला दिलंय ते सगळं वापरलं. हे जिवावरचं आहे, कोणी कोणी त्या पाडीला हात लावलाय, लाळ कोणाच्या अंगाला लागलीय, आत्ताच्या आत्ता पुढे या. सगळे कौतुकाने बघत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘ही पन नमनात घ्यायला हवी.’ नाना पुढे आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘मी लावला हात. मला पन ताप हाय.’ पुन्हा हशा.

मला रडू यायला लागलं होतं. दिवसभर यांना मीच शिकवलं होतं, की ‘खरं सांगा’ म्हटलं तरी खरं सांगायचं नाही.

इरफानने माझ्या बाहीला हात लावला. ‘मॅडम, खेळ मोडलेला नाहीये.’

‘म्हणजे?’

‘नानांनी मांडला. मोडायचं गाऱ्हाणं झालं नाही. आमच्या मोहल्ल्याच्या बाजूच्या वाडीत नमन असलं की आजी आम्हाला घेऊन जायची. गाऱ्हाणं होईपर्यंत तिथला कोणी सोंगातला माणूस आपल्या खऱ्या नावाला ओ देत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मॅडम. टाळ्यांनी नाही मोडत.’

मी नानांसमोर उभी राहिले. ‘नाना, गाऱ्हाणं घाला.’

‘सकाळी नको बोल्लीस ना?’

‘आता पाहिजे.’

आणि मग हसू त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं, कारण मी चेष्टेत हे मागणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला. कोणी तरी नारळ आणला. सगळी वाडी अंगणात गप्प उभी राहिली.

‘बा देवा म्हाराजा,’ नानांनी सुरुवात केली, ‘आज ह्या डॉक्टरांच्या पोरांसाटी आमी खेळ मांडला.’

‘व्हय म्हाराजा.’

‘जी सोंगा घेतली ती आता तुज्या पायाशी उतरून ठेवतांव.’

‘व्हय म्हाराजा.’

‘जो ताप खोटा, तो खोटाच ऱ्हांव दे. आनि खरं काय आसल, तर ज्येला त्येला खरं बोलायची बुद्दी दे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

त्या शेवटच्या होकारात माझाही आवाज होता. स्नेहलचाही होता, आणि इरफानचा सगळ्यात मोठा.

नारळ फुटला. कोणी हसलं नाही. सुलोचनाकाकींनी बियांची पाटी बाजूला केली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. काजूच्या चिकाने बोटं सोलपटलेली, जागोजागी कातडी निघालेली. ‘ह्यो हात घातलेला,’ त्यांनी उजवा वर केला. ‘कोपरापतूर. काल आनि आज सकाळी.’

मी नानांकडे वळले, पण विचारावं लागलं नाही. गाऱ्हाणं त्यांनीच घातलं होतं. ‘जबडा मी धरलेला,’ ते म्हणाले. ‘मगाशी बोल्लो ते खरंच होतं.’

आणखी कोणी? कोणी नाही. या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

स्नेहलने दोघांना नळाखाली बसवलं. साबण आणि वाहतं पाणी, पुष्कळ वेळ. हे घरच्या घरी करता येणारं सगळ्यात मोठं औषध आहे आणि लोक त्याऐवजी हळद नाहीतर चुना भरतात. नाना म्हणाले, ‘पोरी, मावशीचा रंग पन एवडा घासून काडत नाय मी.’ ती हसली, पण हात थांबवले नाहीत. पाडीजवळ कोणी जाऊ नये म्हणून दोन माणसं बसवली आणि आम्ही दोघांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘तुम्ही यांच्या कोण?’

‘यांच्या पाडीची डॉक्टर.’

त्यांनी क्षणभर पेन थांबवलं. मग मी सांगितलेलं एक एक लक्षण नीट ऐकून घेतलं, दोघांचे हात पाहिले, आणि लगेच कामाला लागले. दंडात लस आणि जखमांच्या भोवती दुसरं औषध. ते फार दुखतं. सुलोचनाकाकी डोळे मिटून म्हणाल्या, ‘हे पन खेळातच हाय काय?’

नानांनी पलीकडच्या खाटेवरून उत्तर दिलं, ‘नाय गो. नारळ फुटला.’

पाडी दुसऱ्या दिवशी गेली. तपासणीचा निकाल माझ्या भीतीप्रमाणेच आला. काही आठवड्यांपूर्वी सड्यावर एक कोल्हा दिवसाढवळ्या गुरांच्या अंगावर आला होता, हे मग वाडीला आठवलं. उरलेल्या गुरांना आणि कुत्र्यांना लशी टोचायला आमची सगळी तुकडी गेली, आणि कागदी नकाशावर डबकं शोधणाऱ्या मुलांनी खऱ्या वाडीचा खरा नकाशा काढला.

सुलोचनाकाकी लशीच्या प्रत्येक फेरीला एसटीने रत्नागिरीत आल्या. प्रत्येक वेळी आमच्या केंद्रावर डोकावल्या, कधी कोकमं, कधी ओले काजूगर घेऊन. मी त्यांना बसवून पाणी द्यायचे आणि त्या गिळतात ना हे चोरून बघायचे. लस वेळेत मिळालेला माणूस वाचतो, हे मी वर्गात छातीठोकपणे सांगते. तरीही हा रोग कधी कधी महिनोन्महिने दडून बसतो, म्हणून फोनवर वाडीचा नंबर दिसला की हातातलं काम टाकून पहिल्याच रिंगला उचलायचे. असा पावसाळा गेला, गणपती झाले, भात कापून झालं, दिवाळी झाली. त्या शेतात होत्या, बाजारात होत्या, नानांशी भांडत होत्या.

वडिलांना मी हे सगळं बऱ्याच उशिरा सांगितलं. गाऱ्हाण्यापाशी येऊन मी थांबले. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘देवाकडे मागितलंत काय?’

‘खरं बोलायची बुद्धी.’

‘मग ते पत्रकच झालं,’ ते म्हणाले, आणि चष्मा लावून पेपर वाचायला लागले.

स्नेहल आता परदेशात शिकते. मध्यंतरी तिला कुठल्याशा खेड्यात असाच सराव घ्यायला पाठवलं होतं. तिचा फोन आला. ‘मॅडम, मी गावकऱ्यांना आधी विचारून घेतलं, तुमच्याकडे खेळ कशाने मोडतात.’

‘कशाने मोडतात?’

‘एक म्हातारी सगळ्यांना खऱ्या नावाने हाक मारते. एकेकाला. मग सगळे जेवतात.’

हेही परीक्षेला नाही, मी तिला सांगितलं.

मी चकवे पेरणं सोडलेलं नाही, त्याशिवाय मुलं शिकत नाहीत. पण जे उत्तर नकाशात बसत नाही ते बाजूला ठेवायचं नाही, त्या दारात पुन्हा जायचं, हा आता आमच्या केंद्राचा नियम आहे. फळ्यावर तोही लिहिते, पत्रकासारखा.

यंदा काजूच्या हंगामात नवी तुकडी घेऊन पुन्हा त्याच वाडीत गेले. वडाखाली नाना वाट बघत होते. मी पिशवीतून नारळ काढला आणि त्यांच्या हातात दिला. एकच म्हणाले, ‘दोन लागतात. मांडायचा एक, मोडायचा एक.’ दुसराही आणला होता.

सुलोचनाकाकींनी तापाचंच काम मागून घेतलं. या वेळी मी त्यांना गुरांबद्दल काय बोलायचं तेही पढवलं होतं. मुलं दारात गेली. काकींनी कपाळावर हात मारला, भिंतीला टेकल्या, ‘मेले मेले’ म्हणत घसरत खाली बसल्या, मधेच पदर सावरायला उठल्या आणि पुन्हा घसरल्या. गुरांना काय होतंय म्हटल्यावर पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं आणि बरोबर म्हटलं ना म्हणून माझ्याकडे बघितलं. पोरं खो खो हसली. नानांनी कपाळाला हात लावला.

फार वाईट काम केलं त्यांनी. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, आणि मला वाटलं, दर वर्षी त्यांनी एवढंच वाईट काम करावं.